आईची मुलाखत

लेकीचा प्रबंध कामाच्या जागी होणाऱ्या बदलांवर होता. ग्रंथालयाची सगळी माहिती संगणकावर गेली आणि पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांची खोली बंद झाली, म्हणून त्या खोलीत सव्वीस वर्षं काम केलेल्या आईलाच तिने मुलाखतीला बसवलं. पण आई काही केल्या सरळ उत्तर देईना.

"या बदलाबद्दल किती समाधानी आहात? एक ते पाच यांतला आकडा सांगा."

"मला तळघरात बसवलंय. तिथे खिडकी नाही."

"आई, आकडा!"

"आकडा कसला घेऊन बसलीस? दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही."

लेक मेटाकुटीला आली. तासभर डोकेफोड करून कसेबसे अकरा प्रश्न झाले होते. तिने वैतागून बारावा वाचला, "खोली बंद करायचा निर्णय कशावरून झाला, हे तुम्हाला सांगितलं होतं का?"

"हो," आई पहिल्यांदाच लगेच म्हणाली. "एम.ए.ला असताना तू माझ्या शेजारी आठवडाभर बसून, खोलीत किती माणसं येतात ते मोजलं होतंस ना, त्या अहवालावरून. साहेब म्हणाले, पोरगी हुशार आहे तुमची."