चमकलेल्या जागेत

पॉलिशचा डबा. आईच्या जुन्या साडीचा बोळा. घरात मोठ्यानं चालू असलेला टीव्ही.

शिरोळला २००५च्या पुरात आई वाहून गेली, त्याला वर्ष झालं. प्रसेनजीत अंगणात फायबरची फिकी पडलेली बोट घासत होता. थोरला भाऊसो बोटीकडं पाठ करून बसला होता.

चमक आलेल्या जागेत मागचा ऊस दिसायला हवा होता. दिसला घराचा पत्रा, आणि त्यावर बसलेली आई.

“दादा, तिला आणायला तू परत गेलतास न्हवं?”

“गेलतो की. पत्र्यावर कोण न्हवतं. घास गप.”

प्रसेनजीतनं पुढं घासलं. आई हात हलवत होती. चादरीत गुंडाळलेलं मोठं खोकं घेऊन हीच बोट तिच्यापासून लांब जात होती. वल्हवणाऱ्या भाऊसोनं एकदा मागं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पुरात घर पत्र्यापर्यंत बुडालं होतं, पण आत चालू असलेल्या त्याच टीव्हीत पाणी गेलं नव्हतं.