बाकावरचा एक क्षण

स्वयंपाकघरात किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे झोया भानावर आली. नवऱ्याला पोलीस घेऊन गेल्यापासून घर चिडीचूप होतं.

सायबेरियातल्या त्यांच्या गावच्या सरकारी तेलविहिरी मातीमोल भावानं विकल्या गेल्या, तेव्हा तिचा अर्तेम साधा फिटर होता. त्या विकत घेणाऱ्या खासगी कंपनीबरोबर तोही भराभर चढत साहेब झाला. "साहेब, बूट तरी स्वतः काढाल ना?" ती त्याला चिडवायची. मग मॉस्कोत मालकाचं सरकारशी बिनसलं. मालक तुरुंगात गेला, कंपनी जप्त झाली, साहेबांची धरपकड सुरू झाली.

दाराजवळच्या बाकावर ल्युबा, त्यांची लेक, पाय जुळवून बसली होती. घरातलं कुणी प्रवासाला निघालं, की सगळ्यांनी तिथे क्षणभर गप्प बसायचं, म्हणजे जाणारा सुखरूप परततो, ही तिकडची रीत. अर्तेम दौऱ्यावर निघाला, की ल्युबाच त्याला ओढून बसवायची.

झोयानं तिला जवळ घेतलं. "चल राणी, दूध घे."

"थांब, ममा. त्या पोलीसकाकांनी पप्पाला बसूच दिलं नाही. मी त्याच्या वाटचं बसलेय. चालतं का गं तसं?"