मौनाचा सोमवार

श्रावणातला सोमवार. दिवेलागणीला अजून थोडा वेळ होता, आणि देवापुढे दिवा लागेपर्यंत मैनाचं मौन होतं. ती उद्याच्या बाजारासाठी झेंडूच्या माळा ओवत बसली होती, तेवढ्यात तिचा नवरा लहानू चपला न काढताच घरात शिरला.

“काय गं, महादेवाची मुकी! पाणी द्यायचंबी मौन हाय का?”

ती सुई खाली ठेवून उठली.

लहानूला सोमवार मोठा सोयीचा. सायखेड्याच्या त्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून. इतर वारी त्याने हात उगारला की त्याची आई साळूबाई उठून टीव्हीचा आवाज वाढवायची. सोमवारी तेवढीही तसदी नसे. बाई देवासाठी गप्प राहते, आणि हा मेला त्या गप्प राहण्यावर हात साफ करून घेतो!

उजव्या कानाने मैनाला आता देवळातली घंटाही ऐकू येत नव्हती. तांब्या पुढे करताना तिची डावी बाजू त्याच्याकडे झाली.

“तो कान तर गेला तुझा,” लहानू हसला. “आता हा बघू.”

थप्पड बसली. डाव्या कानात सूं सुरू झालं. हात पुन्हा वर गेला.

दाराशी सकाळच्या धुण्याचं धोपटणं उभं होतं. हात खाली यायच्या आत ते मैनाच्या मुठीत आलं. पहिला टोला मनगटावर, दुसरा गुडघ्यावर. मग गोधडी बडवावी तसं तिने त्याला बडवलं, ओठ घट्ट मिटून.

“मेलो! आये, मेलो गं!” लहानू माळांवर लोळत बोंबलला.

साळूबाई सवयीने टीव्हीकडे धावली. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. लोडशेडिंग. अख्ख्या गल्लीत एकट्या लहानूचा आवाज चालू.

“अगं, नवरा हाय तो! सोमवारी तरी देवाला भी!” साळूबाई सुनेवर ओरडली.

शेजारची लंकाबाई दारात आली, तिच्यामागे आणखी बायका. “मैने, काय झालं गं?”

मैनाने धोपटणं जागेवर ठेवलं. हात धुतले, देवापुढे दिवा लावला, डोकं टेकवलं. मग पदर सारखा करत दाराकडे वळली.

“रोजचंच हाय, मावशी,” ती हळू आवाजात म्हणाली. “आज लाईट नाय, म्हणून ऐकू आलं तुम्हाला.”