गाभ्याजवळची कोरी जागा

भूकंपाच्या लाटांवरून काढलेला पृथ्वीच्या पोटाचा नकाशा डॉ. विभावरी केळुसकरांसमोर होता. त्यात गाभ्याच्या कडेला तळहाताएवढी जागा कोरी होती. ती भरण्यासाठी त्या तीस वर्षं एका मोठ्या भूकंपाची वाट पाहत होत्या. पण आता मोठे भूकंप होतच नसत. जमिनीतला ताण साठण्याआधीच बारीक हादरे देऊन मोकळा केला जाई.

आज अंदमानची पाळी होती आणि हुकूम विभावरीबाईंच्या सहीने निघायचा होता.

“मॅडम, पोर्ट ब्लेअरवाले खोळंबलेत,” शेजारच्या टेबलावरून पठाण म्हणाले.

“पठाण, एवढा एक ताण राहू दिला तर? मार्चमध्ये मी निवृत्त होतेय हो.”

“द्या की राहू! कळवतो त्यांना, आमच्या मॅडमना फोटो काढायचाय, घरं पडली तर सांभाळून घ्या.”

बाईंना हसू आलं. त्यांनी सही केली.

आलेख जेमतेम थरथरला. कपातला चहासुद्धा हलला नाही, असा पोर्ट ब्लेअरहून निरोप आला.

“चला, आपणही चहा घेऊ,” पठाण उठले.

“तुम्ही व्हा पुढे.”

गाभ्यावर आदळून परतायला लाटेला सोळा मिनिटं लागतात. इतकी क्षीण लाट तिथवर पोचतच नाही, हे बाईंनीच कितीजणांना शिकवलं होतं. तरी त्या पडद्यासमोर पुरती सोळा मिनिटं बसून राहिल्या.