तिसरी तारीख

"एकशे शहाऐंशी." नर्सने दंडावरचा पट्टा सोडवला. "आज पण नाही जमणार, काका."

घड्याळजी हिरव्या झग्यात खाटेवर बसले होते. डाव्या डोळ्यात थेंब घालून झाले होते, समोरचं सगळं पांढुरकं दिसत होतं. मोतीबिंदू काढायची ही तिसरी तारीख. मागच्या दोन्ही वेळी असंच बीपी चढलेलं निघालं आणि झगा उतरवून घरी जावं लागलं. गेले काही महिने दुकानात ते फक्त पट्टे आणि सेल बदलत होते. चाळीस वर्षं घड्याळाचं पोट उघडून बसलेला माणूस, आता स्क्रू हाताला लागेना.

"बीपीची तिसरी गोळी सुरू करूनसुद्धा?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"तेच तर. जेवणात मीठ किती असतं, काकू?"

झालं. बायकोचा तोल सुटला.

"मीठ? अहो सिस्टर, दोन महिने झाले, मिठाची बरणी माळ्यावर टाकलीय मी. मी पण तेच अळणी गिळतेय. मुलगा रविवारी जेवायला यायचा, त्यानेही येणं बंद केलं. आणि जो उठतो तो मलाच विचारतो, मीठ किती घालता!"

"अगं, हळू."

"काय हळू! दुकानात चोरून खाता का काही? खरं सांगा."

"दुकानात दोन्ही हातांत चिमटे असतात. खाऊ कशाने?"

डोळ्यांच्या डॉक्टर आल्या, फाइल चाळली, आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी बघू."

खुंटीवरच्या शर्टाचा खिसा चाचपून घड्याळजींनी एक पाकीट काढलं, त्यातली गोळी तळहातावर घेतली आणि बायकोकडे हात केला. "पाणी दे जरा. मान धरलीय."

"ही कसली गोळी?" नर्सने विचारलं.

"ही होय? हे औषध नव्हे. मानेसाठी आहे."

दाराशी पोचलेल्या डॉक्टर मागे वळल्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटून वाचलं. "कधीपासून घेताय?"

"झाले चार-पाच महिने. रोज दोन. आज इथे सपाट निजायचं म्हणून सकाळी एक जादा घेतली."

"मग फॉर्मवर का नाही लिहिलीत?"

"फॉर्मवर औषधं विचारली होती. ही तर मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते."

डॉक्टर स्टुलावर बसल्या. "काका, ही गोळी दुखणं थांबवते, पण अंगातलं पाणी आणि मीठ अडवून धरते. तिकडे तुमचे डॉक्टर बीपी उतरवायला गोळ्या वाढवताहेत आणि इकडे ही ते चढवतेय. दोन्ही मिळून किडनीवर ताण येतो तो वेगळाच. ही बंद करा. बीपीच्या गोळ्या मात्र मनाने सोडू नका. आजच तुमच्या डॉक्टरांना हे पाकीट दाखवा, किडनीची तपासणी करून घ्या. मानेसाठी काय चालेल ते तेच सांगतील."

"तोवर?"

"शेक घ्या. आणि मान खाली घालून काम करू नका."

"मान वर करून घड्याळ दुरुस्त होत नाही, डॉक्टर."

पाकीट नर्सच्या हातात देऊन डॉक्टर गेल्या. नर्सने फाइलवर लाल शाईत दोन ओळी लिहिल्या, पाकीट परत दिलं आणि पडदा ओढून घेतला.

"पाच महिने," बायको म्हणाली. "तीन डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, माझ्या हातच्या जेवणाचा पंचनामा झाला. आणि तुम्ही खिशात गोळ्या घेऊन हिंडताय! मला तरी सांगायचंत."

"तुला काय सांगू? तू म्हणाली असतीस, दुकान बंद करा."

म्हणाली असती, हे तिलाही ठाऊक होतं.

तिने झग्याच्या मागच्या नाड्या सोडल्या. शर्टाच्या बाह्या एकेक करून त्यांच्या हातांत चढवल्या. मान डावीकडे वळताना ते थांबले, दात आवळले, पण आवाज केला नाही. असे किती दिवस आवाज न करता काढले असतील, याचा हिशेब ती करू पाहत होती आणि तो लागत नव्हता.

पडद्यापलीकडून नर्सने पुढच्या पेशंटला हाक मारली. "काकू, खाट रिकामी करा हं."

ती खाटेवर त्यांच्या मागे बसली. कॉलर खाली करून तिने मानेवर अंगठा टेकवला.

"इथे?"

"जरा खाली."

"इथे?"

"हं."

"काकू," पडद्याबाहेरून पुन्हा आवाज आला. दोघंही उठली नाहीत.