बाबांचं नाक

रेडिएटरवर बसवलेल्या दाब मोजायच्या यंत्राचा काटा पंधरावर टेकला, क्षणभर थांबला आणि सावकाश चौदावर आला.

“पाणी जातंय,” ती म्हणाली आणि टॉर्च घेऊन पुन्हा एकदा गाडीखाली शिरली. रेडिएटर कोरडा. पाइप कोरडे. पंपाखाली हात फिरवला, तर तोही कोरडाच परत आला. गाडी वीस वर्षांची, अंगावर डाग भरपूर, पण थेंब म्हणून कुठे नव्हता. दर चार दिवसांनी अर्धा लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, मात्र गायब होत होतं.

गाडीचे मालक गणिताचे सर. उत्तर माहीत असून रीत सापडत नाही, हे त्यांना सहन होत नसावं. गॅरेजच्या दारात उभे राहून ते दोघांकडे आळीपाळीने बघत होते. दोघं म्हणजे ती आणि तिचे बाबा. गॅरेज बाबांचं, आणि त्याचं नाव झालं होतं ते बाबांच्या नाकामुळे. आसपासचे मेकॅनिक त्यांना ‘श्वानपथक’ म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग स्वतःच्या अडलेल्या गाड्या मुकाट्याने इकडे पाठवायला लागले. कूलंटला गोडसर वास असतो आणि तो बाबांना बॉनेट उघडायच्या आधीच येतो, अशी त्यांची ख्याती होती.

बाबा गाडीत बसले, काचा लावून घेतल्या आणि डोळे मिटले. पाच मिनिटांनी उतरले.

“बाहेर गळत नाही, आत बसायच्या जागेत वास नाही. म्हणजे पाणी इंजिनच्या पोटात जातंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या जोडातलं पॅकिंग, गेलंय. इंजिन उघडावं लागेल.”

सरांचा चेहरा उतरला. “उघडल्यावर पहिल्यासारखं बसेल ना? जुनं आहे हो ते.”

“जुन्या इंजिनाचं काही सांगता येत नाही,” बाबा म्हणाले. गिऱ्हाइकाला गोड बोलून गप्प करणं त्यांना कधी जमलंच नाही.

“बाबा, ऑइलमध्ये पाणी आलेलं नाहीये,” ती हळूच म्हणाली. “धूरही पांढरा नाही.”

“सुरुवातीला नसतोच.”

विषय संपला. इंजिन उघडायचं तर गाडी आतल्या खड्ड्यावर घ्यायला हवी होती. ती चावी घेऊन गाडीत बसली आणि दार ओढून घेतलं.

वास असा अंगावर आला की तिने श्वासच रोखला. खोकल्याच्या औषधाची बाटली सांडल्यासारखा गोड, चिकट वास. समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरलं होतं. तिने वाकून डावीकडची रबरी चटई उचलली आणि खालचं कापड दाबून पाहिलं. बोटं हिरवी झाली. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो झिरपत होता. इंजिन ठणठणीत होतं.

मग तिच्या लक्षात आलं, की याच काचा लावून बाबा इथे पाच मिनिटं बसले होते.

गाडी सुरू न करता ती तशीच बसून राहिली. बाहेर सर काहीतरी विचारत होते आणि बाबा अधिकाराने मान हलवत होते. तिला बाबांचा भयंकर राग आला. मग त्यांची कीव आली, आणि बाबांची कीव करतोय आपण, याची लाज वाटली.

तिने खिशातलं फडकं त्या ओल्या कापडावर दाबलं आणि खाली उतरली.

“बाबा, चटईखालून काढलंय. जरा बघता का?”

बाबांनी फडकं घेतलं. आधी तिच्या हिरव्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग फडकं नाकाशी नेलं आणि नेहमीसारखे डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटले.

“हीटर,” ते म्हणाले. “सर, वाचलात. इंजिनाला हात लावायची गरज नाही.”

“कमाल आहे बुवा तुमच्या नाकाची!” सर इतके खूश झाले की त्यांनी बाबांचा काळाकुट्ट हात दोन्ही हातांत धरून हलवला. गाडी परवा न्यायला येतो म्हणाले आणि आपले हात पुसत पुसत निघाले.

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघंही काम असल्यासारखे पाने उचलून ठेवत राहिले.

“दोन महिन्यांपूर्वी त्या तापातून उठलो, तेव्हापासून वासच येत नाही,” बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. “आज येईल, उद्या येईल, म्हणून गप्प बसलो. खूप येतोय का गं वास?”

“खूप येतोय.”

बाबांनी फडकं पुन्हा एकदा नाकाला लावून पाहिलं. मग त्याची नीट घडी केली.

“मागच्या महिन्यात दोन इंजिनं उघडली मी,” ते म्हणाले.

ती रेडिएटरवरून काट्याचं यंत्र काढत होती. दाब सुटल्याचा बारीक आवाज झाला.

“गॅस्केटं तूच काढलीस दोन्ही वेळेला. कशी होती गं?”

खोटं बोलणं सोपं होतं. ती गॅस्केटं केव्हाच भंगारात गेली होती, बाबा काही तिथे जाऊन बघणार नव्हते.

“दोन्ही धड होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, मलाच दिसत नाहीये.”