पावण्याचं ताट

आटपाडीच्या माळावर लांडग्यानं मेंढी मारली आणि सकाळी तानाजीनं तिच्या फाटक्या पोटात विष भरलं. लांडग्याची शिकार लांडग्यालाच सोडायची, ही धनगरांची जुनी रीत. तो परत येणार, हे तानाजीला ठाऊक होतं. त्याची आई हरणाबाई येऊन मेंढीजवळ बसली. “आये, ऊठ. लांडग्यांची शेवटची जोडी हाय, मेली की कटकट मिटंल.” “गिधाडं गेली, माळढोक गेला. तुजी कंची कटकट मिटली रं?” “मग मेंढरं चारू व्हय त्यास्नी? लांडगा काय तुजा पावणा?” “तुज्या पणज्यापास्नं जेवतोय, पावणाच की. पावण्याचं ताट मी आधी चाखती.” तिनं विषातलं मांस तोडून तोंडाजवळ नेलं. तानाजीनं झडप घालून मनगट धरलं, पण तिची मूठ उघडेना. “मेंढी पुराया खड्डा काढ, मग सोडती.” त्यानं मनगट सोडून कुदळ उचलली. “खोल काढ,” ती म्हणाली, “कुत्री उकरत्यात.”